पानी उनं

वहिनी, तुझे कान चांगले होते. शेवटपर्यंत चांगले होते. हे मला पंचवीसेक वर्षं ठाऊक होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

सांगायची वेळ आली की मी दुसरंच काहीतरी काढायचो. कापसाचं काढायचो, नातवाच्या दहावीचं काढायचो, नाहीतर तुझ्या गुडघ्यांचं. पाचोऱ्याच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेला माणूस मी. विषय बदलायला मला शब्द कधी कमी पडले नाहीत. आता तू नाहीस, आणि विषय बदलावा असं समोर कुणी उरलेलं नाही.

तुझ्या दहाव्याला सगळं गाव आलं होतं. विधी झाल्यावर माणसं लिंबाखाली बसली आणि बघता बघता तुझ्या कानांवर गाडी आली. किराणा दुकानवाला म्हणाला, "अक्काले साखर दिन्ही तरी ती इचारे, साखरच म्हना ना रे तू?" एसटीचा जुना कंडक्टर मुद्दाम भडगावहून आला होता. त्याने तर तुझी नक्कलच केली.

"अक्का, पाचोरा."

"काय म्हनस?"

"पाचोरा, पाचोरा! बसवर पाटी शे ना!"

"पाटी माले वाचता येस का? तू आखो एकदाव सांग."

माणसं डोळे पुसत हसली. मीही हसलो. आणि हसता हसता दाराकडे नजर गेली तर तिथे सुनंदा उभी होती. जनीची सुनंदा. माझ्या बहिणीची मुलगी, तुझी भाची. आई गेल्यापासून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. धुळ्याहून सकाळच्या गाडीने एकटी आली होती. ती हसत नव्हती.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मामा, मामीला एकदा विचारायचं होतं. पूर आला म्हणून तुम्ही ओरडलात, तरी तिने माझ्या आईला नदीत का बसवलं? तेवढं विचारायचं राहिलं."

मी म्हणालो, "बस निघून जाईल तुझी."

वहिनी, त्या दिवशीही मी विषयच बदलला.

ज्यांना आपली बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढं सांगून टाकतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. आपल्या अहिराणीत 'आलं' याला 'उनं' म्हणतात. आणि पाणी कसंही आलं तरी आपण 'पानी उनं' असंच म्हणतो. आभाळातून पडलं, पानी उनं. नळाला आठवड्याने धार लागली, पानी उनं. उन्हाळ्यात डोंगराच्या पायथ्याच्या धरणातून पिण्यासाठी नदीत सोडलं आणि ते वळणापाशी दिसलं, पानी उनं. ते ऐकलं की हातातलं टाकून हंडे घेऊन धावायचं. आपल्या गावात याहून गोड हाक नव्हती. बाळंतपणाची बातमीसुद्धा लोक एवढ्या मोठ्याने सांगत नसत.

मी वर्गात शिकवायचो की एकाच शब्दाचे अर्थ अनेक असतात, नेमका कोणता घ्यायचा ते संदर्भ सांगतो. मुलं वहीत लिहून घ्यायची.

तो उन्हाळा तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. विहिरी तळाला गेल्या होत्या. गाव नदीतल्या झिऱ्यांवर जगत होतं. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरून येईपर्यंत बसायचं, वाटीने उपसून हंडा भरायचा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. जनी सासरहून आली होती. चाळिशी उलटलेली बाई, पण आखाजीला माहेरी आली की आधी झोक्याच्या दोऱ्या तपासायची. तू तिला म्हणायचीस, "आते झोका तुटी, तू नही." ती म्हणायची, "मना वजननं तू नको सांगू वहिनी, तुन्या सांजोऱ्या खाईसन व्हयेल शे ते." नणंद-भावजयीचं असं मेतकूट मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही. तुमचं बोलणं सुरू झालं की आबा, माझा मोठा भाऊ, तुझा नवरा, गुपचूप उठून ओट्यावर जाऊन बसायचा.

सकाळी पंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं होतं की आज नाहीतर उद्या धरणाचं पाणी सुटेल. गावात सणासारखं झालं. ज्याची झिऱ्यावर जागा आधी, त्याला स्वच्छ पाणी आधी. आखाजीची घागर भरायची होती. आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने भरायची घागर गढूळ पाण्याने कशी भरणार? दुपारी बायका उन्हाला कंटाळून घरी परतल्या, तुम्ही दोघी मात्र थांबलात.

निघण्याआधी एक गोष्ट झाली होती. तू घराच्या धाब्यावर बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्यास. जनीने मदत केली होती, म्हणून अर्ध्या वाकड्या होत्या. तू डोळ्यांवर हात धरून दक्षिणेला डोंगराकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नाना, ढग शे तठे. बिबड्या उचली ले."

मी शाळेच्या सुट्टीवर आलेला, खाटेवर पडलेला. म्हणालो, "तो ढग तठलाच शे वहिनी. आठे येवाले त्याले बसनं भाडं लागी."

तू हसलीस, पण बिबड्या आत नेल्यास. सगळ्या. मग दोघी हंडे घेऊन नदीवर गेलात आणि मी आपल्या वळणाच्या वावरात गेलो. काठ तिथे उंच आहे, बाभळीची सावली आहे. धरणाचं पाणी पहिल्यांदा दिसतं ते तिथूनच. मला ते सगळ्यांच्या आधी बघायचं होतं. बातमी मी द्यायची होती. खरं कारण एवढंच, आणि ते एवढं लहान आहे याची मला आजही लाज वाटते.

गावावर ऊन होतं. पायाखालची धूळ पोळत होती. डोंगरावर काय चाललं होतं ते गावाला कळायचं कारणच नव्हतं. उन्हाळी पाऊस असाच असतो. एका टेकडीवर ओततो आणि शेजारच्या टेकडीवरच्या गुराख्याची टोपी कोरडी राहते. डोंगर सरळ उतरणीचा, वर झाड उरलेलं नाही, माती तापून खापर झालेली. पडलेलं पाणी जिरत नाही, गोळा होऊन नाल्याने खाली सुटतं. तो नाला धरणाच्या खालच्या अंगाला आपल्या नदीला मिळतो. म्हणजे धरणाचं पाणी ज्या वळणावर दिसतं, नाल्याचंही त्याच वळणावर दिसणार.

मला पाणी दिसलं. पुढे पाचोळा, काटक्या, गोवऱ्यांचे तुकडे ढकलत वाळूवरून सरकत येणारं पातळ पाणी. धरणाचं पाणी नितळ असतं आणि दबकत येतं. हे चहाच्या रंगाचं होतं आणि घाईत होतं. हे मला दिसलं, पण मी ते मनात घेतलं नाही. मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जेवढा दम होता तेवढ्याने ओरडलो.

"पानी उनं! वहिनी, पानी उनं!"

वहिनी, मी हेच ओरडलो. 'पूर उना' नाही. 'पळा' नाही. आनंदाने ओरडलो.

तू हात वर केलास. ऐकल्याची खूण. जनीला काहीतरी म्हणालीस आणि गावाच्या बाजूने वर चढू लागलीस. काय म्हणालीस ते तूच नंतर सांगितलंस. "तू जागा धर, मी आखो हंडा लई येस." जनी झिऱ्याशी पदर खोचून बसली.

मग आवाज आला. वळणापलीकडून. मालगाडी पुलावरून जाते तसा, फक्त तो संपत नव्हता. तेव्हा मला कळलं. मी पुन्हा ओरडलो, पण त्यात शब्द नव्हता. नुसता घसा होता. जनी उठून उभी राहिली. ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. हाक माझी होती ना.

पुढचं लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे.

संध्याकाळी पाणी उतरलं. नदी पुन्हा वाळू झाली. गावात थेंब पडला नव्हता. काठावर सगळे जमले होते. तू रिकामा हंडा काखेत धरून उभी होतीस, तो घ्यायला कुणी पुढे होत नव्हतं. खालच्या गावाहून जनी सापडल्याचा निरोप आला. तेव्हा आबाने मला विचारलं. रागाने नाही. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं.

"नाना, तू काय आवाज दिन्हा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पूर उना, म्हनू मी. भाईर निंघा, म्हनू."

ते आधी ठरवलेलं खोटं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. कदाचित त्या दुसऱ्या, शब्द नसलेल्या ओरडण्यात मला तेच म्हणायचं होतं. पण म्हणायचं असणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. मराठीच्या मास्तराला एवढं कळायला हवं.

तू माझ्याकडे बघितलंस. तू वाद घालशील याची मी वाट पाहत होतो. तू हळूच म्हणालीस, "माले ते 'पानी उनं' आसं ऐकू उनं."

मी नजर खाली वाळूकडे नेली. कुणीतरी मागून म्हणालं, "सर कसाले खोटं बोलतीन?" आणि माणसांचे चेहरे एकेक करून तुझ्याकडे वळले. मग हंडा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मंग मनाच कान चुकना."

एवढंच. त्यानंतर तू कधी वाद घातला नाहीस. माझ्या एका वाक्यावर तू स्वतःचे कान टाकून दिलेस.

तुझं ते 'काय म्हनस? आखो एकदाव सांग' त्याच आठवड्यात सुरू झालं. आधी लोकांना वाटलं दुःखाने मन थाऱ्यावर नाही. मग सवय पडली. मग गंमत झाली. नवी सून घरात आली तेव्हा तिला आधीच सांगून ठेवलं, सासूबाईंना सगळं दोनदा सांगायचं. सूनबाई एकदा चिडून म्हणाली, "आई, तुम्हाला पहिल्यांदाच ऐकू येतं, मी बघितलंय." तू म्हणालीस, "येस बेटा. पन माले भरोसा नही." ती हसली. मी उठून गोठ्याकडे गेलो. तिथे म्हैस नव्हती, विकून दोन वर्षं झाली होती.

आणखी एक गोष्ट तू केलीस, ती मुलांच्या कधी ध्यानात आली नाही. आपल्या घरातून 'पानी उनं' हे शब्दच गेले. नळाला पाणी आलं की तू म्हणायचीस, "नळ उना." पाऊस आला की "पाऊस उना." धरणाचं सुटलं की "धरननं उनं." नातवंडंही तेच शिकली. शाळेत बाकीची मुलं त्यांना हसायची की तुमच्या घरी पाणी येतच नाही का. त्यांनी तुला विचारलं. तू म्हणालीस, "आपला घरमा नीट सांगतस."

उन्हाळ्यात दुपार कलली की तू ओट्यावरून डोंगर बघत बसायचीस. काळं दिसलं की चपला न घालता नदीकडे. वाळू भरणारे ट्रॅक्टरवाले, धुणं धुणाऱ्या बाया, सगळ्यांना काठावरून ओरडून सांगायचीस, "डोंगरवर पाऊस शे! पूर येस! नदीमाईन भाईर निंघा!" त्यात 'पानी' हा शब्द चुकूनही यायचा नाही. बहुतेक वेळा काहीच यायचं नाही. ट्रॅक्टरवाले टिंगल करायचे, "अक्का, तुना पूर रस्ता चुकना." पण एका वैशाखात आला. त्यांची ट्रॉली आडवी झाली, माणसं काठावर होती. त्यांच्यातला एक जण तुझ्या पाया पडला. तू त्याला विचारलंस, "मनं बराबर ऐकू उनं ना तुले? काय ऐकू उनं? सांग बरं." त्याला शब्द न् शब्द म्हणायला लावलास.

मी तिथे होतो. तेव्हाही सांगितलं नाही.

उलट भांडलो. दर उन्हाळ्यात आपला एक वाद ठरलेला. तू म्हणायचीस, "त्या रोज ढग व्हता नाना. मी दखा व्हता." मी म्हणायचो, "नव्हता वहिनी. आभाळ साफ व्हतं." मी ढग नाकारायचो, कारण ढग होता म्हटलं की पाणी कुठलं ते मला कळायला हवं होतं, हेही आलंच. एकदा वाद वाढला तेव्हा मी तुला म्हणालो, "ढग दखा व्हता ते मंग नदीमा कसाले गई?" आबा जेवता जेवता थांबला. तू ताट उचलून आत गेलीस. थोड्या वेळाने मला ताक आणून दिलंस आणि म्हणालीस, "डोंगरवर व्हता. गावमा नही व्हता. माले कुठे माहीत, तठला पाऊस आठे येस."

वहिनी, ढग होता. ढग बघूनच तू बिबड्या आत नेल्या होत्यास. त्या उन्हाळ्यात गावात सगळ्यांच्या बिबड्या होत्या, आपल्या कुणी खाल्ल्या नाहीत. त्या डब्यात तशाच राहिल्या, जनीच्या हातच्या अर्ध्या वाकड्या. तुझ्या बाजूची साक्ष म्हणून घरात तेवढीच होती. मला ती दिसायची. तुला ती मांडायचं सुचलं नाही, कारण तुला माझ्यावर काही सिद्ध करायचंच नव्हतं.

तुझ्याशी मी असं वागलो, आणि मी जो काही आहे तो तुझ्यामुळे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी चड्डीत शाळेत जाणारा पोरगा होतो. आमची आई नव्हती. आबा मला वावरात घालायला निघाला होता. नव्या नवरीने सासरी तोंड उघडायचं नसतं त्या दिवसांत तू चुलीपाशी बसून म्हणालीस, "नाना शिकी. वावर आपन दोन्ही दखूत." पाचोऱ्याला शिकायला राहिलो तर दर सोमवारी पहाटेच्या एसटीने दशम्यांचं फडकं यायचं, त्यात एका कोपऱ्यात बांधलेली मिरचीची चटणी. कावीळ झाली तेव्हा सगळा दिवस माझ्या उशाशी. मला पहिली नोकरी लागली तेव्हा गावभर तूच सांगत फिरलीस. लोक मला सर म्हणू लागले ते तुझ्या हट्टाने. आणि 'सर कसाले खोटं बोलतीन' हेही त्यातूनच आलं. तू मला जी पत मिळवून दिलीस, तीच मी तुझ्याविरुद्ध वापरली.

सुनंदाचं तर तू मनाला फार लावून घेतलंस. जनीच्या घरच्यांनी ठरवून टाकलं की भावजयीने बसवली म्हणून गेली. पोरगी आजोळी यायची बंद झाली. तरी दर आखाजीला तू तिच्या वाटणीच्या सांजोऱ्या वेगळ्या काढायचीस. सण होऊन चार दिवस झाले की मला म्हणायचीस, "आते तू खाई टाक नाना, खराब व्हतीन." मी खायचो. एकेका घासाला मला ठाऊक होतं की मी कुणाचं खातोय.

कानाच्या डॉक्टरचा दिवस आठवतो का तुला? नातवाने आग्रह धरला, आजीला यंत्र बसवू या. मी तुला पाचोऱ्याला घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होता. त्याने तुझ्या कानांवर ते मोठं गोल लावलं, आवाज सोडले, तू दर वेळी बोट वर केलंस. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुमचे कान माझ्या बायकोच्या कानांपेक्षा चांगले आहेत. यंत्र कशाला?"

तू विचारलंस, "काय म्हनस?"

तो हसला. मला म्हणाला, "काका, यांना ऐकू येतं. यांचा विश्वास नाहीये."

बाहेर आलो. उन्हाचा कहर होता. स्टेशनच्या बाजूला रसवंतीची घुंगरं वाजत होती. तू रस्त्यातच थांबलीस. पदराने तोंड पुसलंस आणि अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "नाना, कान ते चांगला शेतस म्हने. मंग त्या रोज मी कशी चुकनू?"

वहिनी, याहून सोपा प्रश्न मला कुणी विचारला नाही. आबा तोवर गेला होता. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. पाच शब्द पुरले असते. माझ्या जिभेवर आले होते. तू वाट बघत होतीस. तू वर मान करून माझ्याकडे बघत होतीस, जनी बघत होती तशी.

मी म्हणालो, "रस पिशी का, वहिनी?"

तू थोडा वेळ तशीच बघत राहिलीस. मग म्हणालीस, "पिसू. लिंबू टाकाले सांग त्याले."

मला तेव्हापासून एक शंका आहे. तुला कळलं होतं का? त्या दिवशी तू मला 'काय म्हनस' असं विचारलं नाहीस. रस पिशी का, हे तू एकदाच ऐकलंस आणि मान्य केलंस.

शेवटच्या आजारातही तसंच झालं. मी रोज सकाळी येऊन खाटेशी बसायचो. सूनबाई तुला पेज भरवायची. मी डोंगराकडचं ऊन बघत बसायचो. एक दिवस तू डोळे न उघडता म्हणालीस, "नाना, काही सांगाले उना का तू?"

"नही वहिनी. आसाच उनू."

"मंग बैस." आणि जरा थांबून, हसल्यासारखं करून, "आते दोनदाव नही इचारनार मी तुले."

मी बसलो. तू झोपलीस. मी उठून आलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. मग दुसरे दिवस संपले.

तुझ्या दहाव्यानंतर मला झोप नाही, असं काही लिहीत नाही. झोप येते. या वयात येते. पण जाग आली की सुनंदाचा प्रश्न उशाशी असतो. तिने तो तुला विचारायचा ठेवला होता, आणि उत्तर माझ्याकडे होतं.

काल मी धुळ्याला जाऊन आलो. मुलाला बरोबर येऊ दिलं नाही. सुनंदाचे केस पांढरे झालेत वहिनी, आणि बसण्याची पद्धत हुबेहूब जनीची, एक पाय दुमडून. मी चहा घेतला नाही. आधी सांगितलं. काय ओरडलो, का ओरडलो, आबाने विचारल्यावर काय म्हणालो, तू काय म्हणालीस. ढगाचं सांगितलं. बिबड्यांचं सांगितलं. हेही सांगितलं की मी हे लिहून छापायला देणार आहे, पण तिने आधी ऐकावं.

ती रडली नाही, चिडली नाही. उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मग पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मामीने बरोबर ऐकलं होतं."

"हो."

"आणि मी तिला एवढी वर्षं मामी म्हणून हाक मारली नाही."

मी तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायलो.

निघताना ती दारापर्यंत आली. "आखाजीला मी येणार आहे मामा. मामीची घागर मी भरीन. तुम्ही भरायची नाही."

घागर कुणी भरायची त्याची रीत आहे, पण मी रीत काढली नाही. हो म्हणालो. तिने मला वाकून नमस्कार केला नाही, आणि ते मला बरं वाटलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या मापाने वागवलं.

तर आखाजीला तुझी सुनंदा येईल. सांजोऱ्या सूनबाई करणार आहे, तुझ्यासारख्या होणार नाहीत. यंदा नदीला धरणाचं पाणी सुटलं की नितळ पाण्याची घागर तुझ्या नावाने भरली जाईल, आणि ती भरणाऱ्या हातांना ठाऊक असेल की तुझी चूक नव्हती. मी बाजूला, लिंबाखाली बसेन. माझ्या हातात त्या दिवशी काही नसेल.

माझ्याकडे फक्त ते राहिलंय जे रसवंतीपाशी जिभेवर आलं होतं. आता म्हणतो. तू सवयीप्रमाणे विचारशील, काय म्हनस, आखो एकदाव सांग. विचार. या वेळी मी विषय बदलणार नाही. हवं तितक्यांदा सांगेन, वळणावरून ओरडलो होतो तेवढ्याच मोठ्याने.

वहिनी, तुना कान नही चुकना. मी 'पानी उनं' म्हनू व्हतू. माले माफ कर.

वहिनी, तुना कान नही चुकना. माले माफ कर.